न ओढलेली दोरी

बेकसाइड नावाच्या इमारतीत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना एका गोष्टीचा फार अभिमान होता, की आम्ही कुणाला त्रास देत नाही. आता हा काय अभिमान धरायचा विषय झाला? पण स्केलब्रिजसारख्या गिरणगावात उभा जन्म गेलेल्या माणसांकडे मिरवायला दुसरं उरलं होतं तरी काय. लोकरीच्या गिरण्या बंद पडल्या, नवरे-बायका देवाघरी गेल्या, पोरं नोकरीमागे दक्षिणेला पांगली. मग कुणी विचारलं, "कसं चाललंय?" तर पाय प्लॅस्टरमध्ये असला तरी उत्तर ठरलेलं, "तक्रार काही नाही." उत्तर इंग्लंडातल्या सगळ्या यॉर्कशर परगण्यातच ही तऱ्हा आहे, पण बेकसाइडला जरा जास्तच.

नोरा हेग या बाबतीत सगळ्यांच्या वरताण. वय ऐंशीला टेकलेलं, अंग वाळकं, मान मात्र ताठ. तरुणपणी ती गिरणीत विणून आलेल्या कापडावर बोटं फिरवून गाठी काढायची, त्यामुळे शेजारणीच्या पडद्याची शिवण उसवली तरी हिला आधी दिसायचं. तिला मधुमेह होता आणि सकाळच्या वेळी रक्तातली साखर कधीकधी एकदम खाली जायची. त्याबद्दल बोलणं तिला बिलकूल आवडत नसे. "मला जरा तसं होतं," एवढंच ती म्हणे आणि विषय बदले.

हे 'जरा तसं' मार्चमध्ये झालं, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पडलेली होती आणि तिला पॉलीनने वाचवलं होतं.

पॉलीन साइक्स म्हणजे बेकसाइडची वॉर्डन. काउन्सिलने, म्हणजे तिथल्या नगरपालिकेने, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी बांधलेली ती दुमजली इमारत. ज्याला त्याला आपला छोटा फ्लॅट, सगळ्यांना मिळून एक बसायची खोली, आणि तळमजल्यावर बॉयलरला लागून वॉर्डनचं घर. ते घर नोकरीबरोबर मिळालेलं, नोकरी संपली की किल्ली परत. पॉलीन पन्नाशी ओलांडलेली, नवऱ्याला केव्हाच सोडलेली, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. रोज सकाळी भिंतीवरच्या बोलायच्या डब्यातून ती आपल्या घरूनच एकेकाला हाक मारायची, "उठलीस का गं नोरा?" नोरा म्हणायची, "अजून आहे मी," की पॉलीन पुढच्या घराकडे वळायची. मार्चमधल्या त्या सकाळी उत्तर आलंच नाही. पॉलीन आपल्या किल्लीने दार उघडून आत आली, नोराच्या ओठांना जॅम चोळत राहिली आणि डोळे उघडेपर्यंत तिच्याशी बडबडत फरशीवरच बसली. डोळे उघडल्यावर नोराचं पहिलं वाक्य काय असावं? "कीथला सांगू नकोस."

कीथ तिचा मुलगा. लेस्टरला असायचा, चांगला होता बिचारा, दर रविवारी फोन करायचा. पण आईला हायफील्ड्समध्ये ठेवावं असं त्याने डोक्यात घेतलं होतं. हायफील्ड्स म्हणजे टेकडीवरचा वृद्धाश्रम, तिथे चोवीस तास नर्स. नोराची मैत्रीण आयव्ही तिथे गेली होती. नोरा भेटायला गेली तर आयव्हीच्या अंगात दुसऱ्याच कुणा बाईचा स्वेटर, आणि आयव्हीला त्याचं काहीसुद्धा वाटत नव्हतं. येताना नोरा बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडली होती.

आता दोरीचं सांगायला हवं. बेकसाइडच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये छतापासून जमिनीपर्यंत एक लाल दोरी सोडलेली होती. पडलात, छातीत दुखलं, तर ती ओढायची. पण घंटा वाजायची कुठे? पॉलीनकडे नाही, तर दूरच्या शहरातल्या एका फोनवाल्या ऑफिसात. तिथली मुलगी आधी नाव टिपणार, मग डॉक्टरला फोन, मुलाला फोन. दोनचारदा नाव लागलं की समाजकल्याण खात्याची बाई दारात, आणि तिच्यापाठोपाठ हायफील्ड्स. म्हणून दोरीच्या वाटेला कुणी जात नसे. सगळ्यांनी ती गुंडाळून वर खिळ्याला अडकवली होती, आणि वॉल्टर डायसन तर तिच्यावर मोजे वाळत घालायचा. गरज लागली तर हीटरच्या पाइपवर चमच्याने टणटण करायचं. तो पाइप घराघरांतून फिरून खाली बॉयलरला, म्हणजे पॉलीनच्या भिंतीला यायचा. कुणाचं वाजवणं कसं हे तिला पाठ होतं. चमचा वाजला की पॉलीन किल्ल्या घेऊन जिन्यात. कुठे नोंद नाही, की कुणाला फोन नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, राणीच्या राज्याभिषेकाला पन्नास वर्षं झाली त्या उन्हाळ्यात, पॉलीनने सगळ्यांना बसायच्या खोलीत बोलावलं.

"लंडनहून ऑडिटवाले यायचेत," ती म्हणाली. "काउन्सिल तुमच्या घरांवर, दुरुस्त्यांवर, कचरा उचलण्यावर पैसे घालतं ना, त्याचा मोबदला नीट मिळतो का ते बघायला. आणि माझ्यावर घालतं त्याचाही."

"तुझ्यावर?" वॉल्टर म्हणाला. वॉल्टर पूर्वीचा बसड्रायव्हर, देहाने दांडगा, पण गुडघे कामातून गेलेले. "आमची बिस्किटं खातेस ती धरून की सोडून?"

"बिस्किटांचं अजून त्यांना कळलं नाही, तू बोलू नकोस." पॉलीन हसली. "खरं सांगायचं तर काउन्सिलच्या मनात वॉर्डन काढायच्याच आहेत. शेजारच्या काउन्सिलने काढल्या. गळ्यात मदतीसाठी दाबायचं एक बटण घालायला देतात, आणि आठवड्यातून एकदा एक व्हॅन फिरते. ऑडिटवाल्यांनी 'हे महाग पडतं' म्हटलं की माझा कारभार आटोपला."

"मग तू राहणार कुठे?" नोराने विचारलं.

"बहिणीच्या सोफ्यावर. तिचा कुत्रा सरकला तर."

पॉलीन चहाचे कप उचलून आत गेली आणि नोराने सूत्रं हातात घेतली. बेकसाइडच्या सहली, पत्ते, नाताळचं जेवण, सगळं तीच ठरवायची, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटलं नाही. तिने सांगितलं, दाराच्या कड्या घासायच्या. कुंड्यांतली वाळकी पानं काढायची. ऑडिटवाले इमारतीत असतील त्या आठवड्यात पाइपवर वाजवायचं नाही, अगदीच जीव जायला आला तर गोष्ट वेगळी. आणि पॉलीनबद्दल तोंड भरून चांगलं बोलायचं.

"म्हणजे ती मला कितीदा उचलते ते सांगायचं का?" वॉल्टरने विचारलं.

"वेडा आहेस का तू? आपण सगळे मोडीत निघालोय असं वाटेल त्यांना. उद्या तुझी मुलगी येऊन उभी राहील. आणि पॉलीनच्या डोक्याला किती ताप आहे हे दाखवून तिचं काय भलं होणार? म्हणायचं, पॉलीन सोन्यासारखी बाई आहे, आणि आमचा तिला काडीचा त्रास नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. यापेक्षा मोठी शाबासकी स्केलब्रिजमध्ये कुणी कुणाला देत नाही, मग लंडनच्या माणसालाही ती कळेलच, असं त्यांना वाटलं. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

ऑडिटवाल्या गृहस्थाचं नाव एड्रियन पेल. चाळिशीचा, किडकिडीत, नम्र. घरोघरी चहा नको म्हणायचा त्याला धीर झाला नाही आणि दुपारपर्यंत त्याला दोनदा बाथरूम कुठे म्हणून विचारावं लागलं. नोराने त्याच्यासाठी पार्किन केलं होतं. ओट आणि आलं घालून करायचा हा काळपट केक तिच्यासारखा कुणाला जमत नसे. पेल खुर्चीच्या कडेवर बसून तो मन लावून खात होता आणि मधूनमधून विचारत होता.

"वॉर्डनची मदत तुम्हाला साधारण किती वेळा लागते, मिसेस हेग?"

"मला? छे हो. मी तिला कधी त्रास देत नाही."

"ही दोरी कधी ओढावी लागली?"

"इथे आल्यापासून एकदाही नाही," नोरा ऐटीत म्हणाली.

"या वर्षी काही दुखणंखुपणं?"

नोराला ती गार फरशी आठवली. पॉलीनचा जॅमने चिकट झालेला हात आठवला. "मार्चमध्ये जरा तसं झालं होतं. विशेष काही नाही."

"तेव्हा कुणी पाहिलं तुमच्याकडे?"

"माझं मी बघितलं. पॉलीन मात्र बाई फार छान. तिच्यासारखी मिळायची नाही."

पेलने ते सगळं लिहून घेतलं आणि हसून मान हलवली. नोराला वाटलं, आपण बाजी मारली. तिने त्याला पार्किनचा दुसरा तुकडा कागदात बांधून दिला. खालच्या मजल्यावर वॉल्टरच्या कपाळावर टेंगूळ होतं, कारण सोमवारीच तो बाथरूममध्ये आपटला होता. ते काय म्हणून पेलने विचारलं तर वॉल्टर म्हणाला, कपाटाचं दार लागलं.

तीनेक आठवड्यांनी पॉलीन नोराच्या दारात आली ती हातात कागद घेऊन. ऑडिटवाल्यांनी कच्चा मसुदा काउन्सिलला पाठवला होता, काउन्सिलने तो तिला दाखवला होता.

"बस, तुला वाचून दाखवते," पॉलीन म्हणाली. "'रहिवासी वॉर्डनबद्दल अत्यंत समाधानी आहेत. तथापि सेवेचा वापर जवळपास होत नाही. रहिवासी स्वावलंबी आहेत. संकटकाळची दोरी वर्षभरात कोणीही ओढलेली नाही.' मी इतकी चांगली आहे नोरा, की माझी गरजच नाही." ती हसायला लागली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

नोरा शब्द न् शब्द ओळखत होती. तिनेच तर ते सगळ्यांना पढवले होते. "हे मी केलं," ती म्हणाली.

"तू काही केलं नाहीस. ते दोऱ्या मोजायला आले होते, त्यांनी मोजल्या."

"मी सांगते त्यांना मार्चचं."

"एक शब्द बोलायचा नाही." पॉलीनचा आवाज एकदम करडा झाला. "कीथच्या कानावर गेलं तर महिन्याभरात तुझं सामान हायफील्ड्सला. मी तुला शब्द दिलाय. मी धडधाकट आहे, मला कुठेही काम मिळेल. तुला दुसरं घर मिळणार नाही."

ती गेल्यावर नोरा दुपारभर खुर्चीत बसून राहिली. तिला लाज वाटत होती, मनापासून लाज. आयुष्यभर आपण ज्याला स्वाभिमान म्हणत आलो ते दुसऱ्याच्या जिवावर चाललं होतं, आणि त्या दुसऱ्या बाईला आता घर सोडावं लागणार होतं. मग आयव्हीचा स्वेटर आठवे आणि तिचा धीर सुटे. संध्याकाळी ती काठी टेकत वॉल्टरकडे गेली. पेल मसुदा वाचून दाखवायला पुन्हा येणार होता. त्यांच्यात तशी पद्धतच असते, आधी रहिवाशांना ऐकवायचं, माहितीत काही चुकलं असेल तर दुरुस्त करायचं आणि मग पक्कं करायचं.

"आपण खरं सांगायचं," नोरा म्हणाली. "तू आणि मी. आपण दोघं बोललो तर बाकीचे बोलतील."

"मला नाही जमायचं," वॉल्टर म्हणाला.

"ती तुला पाठीवर घेते रे, वॉल्टर. तुझ्याएवढ्या धोंड्याला."

"माहीत आहे मला." तो तिच्याकडे बघेना. "माझी मुलगी मला इथून हलवायची वाटच बघतेय. मला म्हातारा म्हणून कुठे नेऊन टाकलेलं नको आहे, नोरा. मला इथेच मरायचंय. तू म्हण भित्रा."

नोरा त्याला भित्रा म्हणाली नाही. तिलाही तेच हवं होतं.

पेल आला त्या दिवशी बसायची खोली भरली होती. त्याच्या शेजारी काउन्सिलच्या घरखात्याचे एक साहेब बसले होते, चेहऱ्यावर अगदी घरी लग्न असल्यासारखं समाधान. पॉलीन मागे चहाच्या मोठ्या किटलीपाशी उभी. पेलने सगळं सावकाश वाचलं. शेजारच्या काउन्सिलपेक्षा बेकसाइडवर घरटी दुपटीहून जास्त खर्च होतो. त्या खर्चाच्या मानाने उपयोग दिसत नाही. वॉर्डनची जागा बंद करून बटण आणि व्हॅनची सोय करावी, अशी शिफारस आहे.

"यात माहितीची काही चूक असेल तर कृपा करून आज सांगा," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात हे पक्कं होईल."

आणि बेकसाइडच्या त्या माणसांनी काय करावं? "छान स्वच्छ वाचता तुम्ही," एक आजी म्हणाल्या. दुसऱ्या कुणीतरी त्याला अजून चहा हवा का विचारलं. आपलंच छप्पर काढून नेणाऱ्याला बिस्किट पुढे करावं, तसा प्रकार.

नोरा उठून उभी राहिली. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"एक चूक आहे, मिस्टर पेल."

"कुठली, मिसेस हेग?"

"मी स्वावलंबी आहे असं लिहिलंय, ती."

खोलीत कुणीतरी खोकलं. नोराने सांगायला सुरुवात केली. साखर कशी उतरते, मार्चमध्ये ती कशी पडली, पॉलीनने दार उघडलं नसतं तर त्या दिवशीच सगळं संपलं असतं. त्यानंतरही दोनदा तसंच झालं. सांगताना तिचा चेहरा तापला, भर चौकात लुगडं फिटावं इतकं तिला ओशाळं वाटत होतं, पण ती थांबली नाही.

"तुम्हीच मला म्हणालात, माझं मी बघितलं," पेल म्हणाला. त्याने उगाच आवाज चढवला नाही.

"खोटं सांगितलं. तुम्ही पाहुणे होता. पाहुण्यासमोर आपलं रडगाणं कोण गातं?"

पेल पुढे काही विचारणार, तोच मागून पॉलीन बोलली. "नोरा फार वाढवून सांगतेय. तिला नुसती चक्कर आली होती, मी चहा करून दिला, झालं. माझी नोकरी जातेय म्हणून बोलतेय बिचारी. तुम्ही मनावर घेऊ नका."

"पॉलीन," नोरा म्हणाली.

"तू बस बघू खाली."

काउन्सिलचे साहेब समजूतदारपणे हसले. पेलने एकदा नोराकडे पाहिलं, एकदा पॉलीनकडे. "मी अडचणीत आहे," तो म्हणाला. "कुठेच कशाची नोंद नाही, आणि वॉर्डन स्वतः म्हणतात तसं घडलं नाही. नुसत्या बोलण्यावर मी कसं लिहू?"

नोराने आजूबाजूला पाहिलं. सगळ्यांचे डोळे आपापल्या कपात. वॉल्टर आपल्या बुटांकडे बघत होता. तिला त्या सगळ्यांचा संताप आला, पॉलीनचा तर सगळ्यांत जास्त. स्वतःच्या मुळावर उठून ही बाई शब्द पाळत बसली होती.

"तर साहेब, खरं सांगायचं म्हणजे," पॉलीन पेलला म्हणत होती, "इथे सगळे ठणठणीत..."

टण. टण टण.

पॉलीनने वाक्य अर्धवट सोडलं. हातातली किटली टेबलावर ठेवली, कमरेच्या किल्ल्या चाचपल्या आणि ती दाराकडे निघाली. बाहेर पडायच्या बेतात होती तेव्हा तिला कळलं, की वर कुणीच नाही, सगळे इथेच बसलेत. ती मागे वळली. खिडकीखालच्या हीटरपाशी वॉल्टर वाकून बसला होता, लालबुंद होऊन, चहाचा चमचा हातात.

"बघितलंत ना?" वॉल्टर पेलला म्हणाला. "दिवसभर हे असं चालतं तिचं. आणि ते कपाटाचं दार नव्हतं. मी बाथरूममध्ये आपटलो होतो, हिने काढलं मला बाहेर."

पेलने चमच्याकडे पाहिलं, पाइपकडे पाहिलं. "हे वाजवणं काय आहे, मला कुणी सांगेल का?"

नोराने सांगितलं. दोरी ओढली की नाव लागतं, नाव लागलं की घर जातं, म्हणून दोरी कुणी ओढत नाही. मग वरच्या मजल्यावरच्या दोघी बहिणी हळूच म्हणाल्या, "आम्हीही वाजवतो." बाकीचे बोलले नाहीत, पण कुणी नाहीही म्हणालं नाही.

"किती वेळा होतं हे?" पेलने पॉलीनला विचारलं.

पॉलीन जवळच्या खुर्चीवर बसली. "रोजच होतं," ती म्हणाली.

"मग लिहून का नाही ठेवलंत?"

"लिहिलं असतं तर ही माणसं आज इथे बसली असती का?"

काउन्सिलच्या साहेबांचं हसू आता मावळलं होतं. पेल उठून नोराजवळ आला आणि तिच्याशी अगदी हळू बोलला. "मिसेस हेग, हे मी लिहिलं की ते तुमच्यावर येणार. समाजकल्याणची माणसं येतील, तुमच्या मुलाला कळवतील. तुम्हाला कल्पना आहे ना?"

"आहे," नोरा म्हणाली. "लिहा तुम्ही."

अहवाल पक्का होऊन आला त्यात वॉर्डनची जागा कायम ठेवावी असं होतं. पेलने नवा हिशेब मांडला होता: ही बाई नसेल तर निम्मी इमारत वृद्धाश्रमात जाईल, आणि तिथे एका माणसावर जेवढा खर्च येतो तेवढ्यात हिचा पगार निघतो. दोऱ्या मोजून काही कळत नाही असंही त्याने सभ्य भाषेत लिहिलं होतं. समाजकल्याणची बाई घरोघरी आली. वॉल्टरच्या बाथरूमला धरायला दांडे बसले, आणि खाली वॉर्डन आहे तोवर त्याला हलवायचं कारण नाही असं ठरलं. त्याच्या मुलीला ते मान्य करावं लागलं. बहिणीही राहिल्या.

नोराचं तसं झालं नाही. तिची साखर आता रात्रीही उतरायला लागली होती, आणि रात्री जवळ नर्स हवीच असं डॉक्टर म्हणाले. कीथ सुट्टी काढून आला. तो रागावला नाही. स्वयंपाकघरात उभा राहून, "आई, तू मला सांगितलं का नाहीस?" एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. नोराने त्याला थोपटलं. या पोरालाही आपण इतकी वर्षं बाहेर उभं ठेवलं याचं तिला फार वाईट वाटलं.

जायच्या दिवशी सकाळी कीथ सामान गाडीत भरायला खाली गेला होता आणि पॉलीन वर आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"कशाला तोंड उघडलंस तू?" ती दारातूनच भांडायला लागली. "मला मिळाली असती कुठेतरी नोकरी."

"तुला मिळाली असती," नोरा म्हणाली. "वॉल्टरला तू कुठून मिळाली असतीस?"

पॉलीनने कपाट उघडून बंद केलं, टेबलावरून उगाच हात फिरवला. "काही करायचं राहिलंय का? सांग, मी करते."

नोराच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं. पलंगाच्या कडेवर बसून तिने दोन्ही पाय पुढे केले.

"पाय सुजलेत. बूट जात नाहीत. घालून दे मला."

पॉलीन गुडघ्यांवर बसली. तिने बुटाच्या लेस पार सैल केल्या, लेसखालची चामड्याची पट्टी बाहेर ओढली आणि नोराची टाच हलकेच आत सरकवली. "दुखलं तर सांग हं," ती म्हणाली.

"दुखतंय," नोरा म्हणाली. "फार दुखतंय, पॉलीन."

पॉलीनने वर पाहिलं नाही. तिने तो पाय दोन्ही हातांत धरला आणि तसाच धरून ठेवला. खालून कीथने हाक मारली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.